पिटाच्या केसमध्ये शिक्षा झालेल्या बाईला व्यसनमुक्ती उपचारापर्यंत कसं पोहोचवावं

सार्वजनिक ठिकाणी वेश्याव्यवसाय केला किंवा गिऱ्हाईक बोलावलं म्हणून ‘पिटा’ या वेश्याव्यवसायाविषयीच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या बाईला दारूचं, गर्दचं किंवा झोपेच्या गोळ्यांचं व्यसन असेल, तर तिला उपचारासाठी पाठवण्याचं काम बहुतेकदा एका चिठ्ठीवर संपतं. चिठ्ठीवर केंद्राचं नाव, खाली सही, आणि पुढची तारीख. ती तिथे पोहोचली का, तिला आत घेतलं का, बायकांसाठी तिथे जागा तरी होती का, हे कुणी विचारत नाही. पुढे ती पुन्हा पकडली गेली की ‘संधी देऊनही सुधारली नाही’ अशी नोंद होते.

हा लेख अशा बाईसोबत उभं राहणाऱ्यांसाठी आहे: विधी सेवेचे वकील, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि घरचं कुणी असेल तर तेही. माझं म्हणणं एकच आहे. एका माणसाच्या हातून ती दुसऱ्या माणसाच्या हाती पोहोचली, तरच तिला उपचाराला पाठवलं असं म्हणता येतं. आणि या खटाटोपात उपचाराच्या नावाखाली तिची कैद वाढणार नाही, हे बघणं तितकंच महत्त्वाचं आहे.

कागदाआधी शरीर बघा

अटक झाली की नशा अचानक तुटते. कोठडीतले पहिले चार दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचे असतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्या व्यक्तीला शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत हातांना कंप, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो: नसलेली माणसं दिसतात, दिवसरात्रीचं भान जातं, ताप चढतो. यात वेळेवर उपचार झाले नाहीत तर मृत्यू ओढवू शकतो. कोठडीत मात्र या अवस्थेला ‘नाटक करतेय’ किंवा ‘अंगात आलंय’ म्हणून सोडून दिलं जातं.

अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या गोळ्या अनेक महिने घेऊन एकदम बंद केल्या तरी फिटचा तसाच धोका असतो. या गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा. बायका त्यांना नशा समजत नाहीत, ‘झोपेची गोळी’ म्हणतात आणि सांगायच्या राहून जातात.

गर्द किंवा ब्राऊन शुगरची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, वेगळी. ती 8 ते 12 तासांत सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते. हाडं दुखतात, जुलाब होतात, नाक-डोळे वाहतात, झोप अजिबात नसते. एरवी धडधाकट बाई यातून सहसा जिवानिशी जात नाही, पण जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलं तर प्रकृती गंभीर होते. ती गरोदर असेल तर अफूवर्गीय नशा एकदम तोडणं गर्भासाठी धोक्याचं आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध देऊन स्थिर ठेवणं, हाच मान्य उपचार आहे. म्हणून गरोदरपणाची चाचणी तिच्या संमतीने सुरुवातीलाच करून घ्या.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: काय घेतेस, शेवटचं कधी घेतलंस, आधी कधी फिट आली होती का. उत्तरं कागदावर लिहा, तारीख-वेळ टाका आणि वैद्यकीय तपासणीची मागणी लेखी द्या. तोंडी सांगितलेलं ड्यूटी बदलली की हरवतं. ती आधीच एखाद्या केंद्रातून रोज ब्युप्रेनॉर्फिन घेत असेल, तर त्या केंद्राकडून डोसचं पत्र त्याच दिवशी मागवून तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्या.

ती नक्की कशात दोषी ठरली आहे?

हे न वाचताच अनेक अर्ज केले जातात. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956, म्हणजे बोलीतला ‘पिटा’, प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने वेश्याव्यवसाय करणं हा मुळात गुन्हा मानत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये तीन तरुण बायकांना सुधारगृहातून मोकळं करताना हे स्पष्ट सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात 19 मे 2022 रोजी पोलिसांना आणि राज्यांना तशाच दिशेचे निर्देश दिले. तेव्हा शिक्षा झाली असेल तर ती प्रामुख्याने दोन कलमांखाली. कलम 7 म्हणजे प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आत किंवा अधिसूचित भागात वेश्याव्यवसाय करणं. यात तीन महिन्यांपर्यंत कैद. कलम 8 म्हणजे गिऱ्हाईक बोलावणं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा दोषी ठरली तर एक वर्षापर्यंत.

छाप्यात ‘सोडवून’ आणलेली बाई आरोपी नसते. तिच्या बाबतीत कलम 17 लागू होतं आणि पुढचा रस्ता पूर्ण वेगळा असतो. कागदांवर ‘पीडित’ लिहिलंय की ‘आरोपी’, हे आधी बघा. तिला फसवून किंवा जबरदस्तीने या धंद्यात आणलं असेल आणि तरीही ती आरोपी म्हणून उभी असेल, तर उपचाराच्या अर्जाआधी शिक्षेविरुद्ध अपिलाचा विचार करा. मुदत चुकवू नका.

वकील नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि उत्पन्नाचा दाखला मागण्याचं कारणही नाही.

कलम 10-अ: इथे थांबून विचार करा

पिटाच्या कलम 7 किंवा 8 खाली दोषी ठरलेल्या स्त्रीला कैदेऐवजी ‘सुधार संस्थेत’ पाठवण्याचा अधिकार कलम 10-अ न्यायालयाला देतं. ऐकायला ही सवलत वाटते. पण तिथली मुदत कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. ज्या बाईला तुरुंगात तीन किंवा सहा महिने काढावे लागले असते, तिला ‘तिच्या भल्यासाठी’ दोन वर्षं बंद दाराआड ठेवलं जातं. ‘हिला व्यसन आहे, उपचार हवेत’ असा चांगल्या हेतूने लिहिलेला अहवाल नेमका या आदेशाचं कारण होऊ शकतो, कारण तिच्या शरीराची आणि मनाची अवस्था पाहूनच हा आदेश द्यायचा असतो.

म्हणून परिविक्षा अधिकाऱ्याने अहवाल लिहिताना फक्त व्यसनाचं वर्णन करून थांबू नये. उपचार बाहेर राहून शक्य आहेत, अमुक केंद्र तिला घ्यायला तयार आहे, मूल कुणाकडे राहील, ती कुठे राहील, हेही त्याच अहवालात यायला हवं. आदेशापूर्वी तिला म्हणणं मांडायची संधी देणं आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेणं न्यायालयावर बंधनकारक आहे. ती संधी वकिलाने वापरावी. आदेश झालाच, तर सहा महिन्यांनंतर अटींसह सुटकेची तरतूद त्याच कलमात आहे. ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

तिच्याशी बोलताना

न्यायालयाच्या आवारात, पोलिसांसमोर किंवा घरवालीच्या (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या) कानावर पडेल असं व्यसनाबद्दल विचारू नका. खरं उत्तर मिळणार नाही, आणि मिळालं तर ते तिच्याविरुद्ध वापरलं जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तंबाखूपासून अफूपर्यंत प्रत्येक पदार्थाबद्दल ती वेगळं विचारते. दारूसाठी 11 ते 26 आणि इतर पदार्थांसाठी 4 ते 26 गुण म्हणजे मध्यम धोका. 27 किंवा जास्त म्हणजे व्यसन जडलेलं असण्याची दाट शक्यता. याचा उपयोग असा की प्रत्येकीला महिनाभर भरती करायची गरज नसते. मध्यम धोका असलेल्या अनेकींना थोडक्यात समुपदेशन आणि बाह्यरुग्ण उपचार पुरतात. गरज नसताना भरती केली तर तिची कमाई बुडते, मूल दुरावतं आणि कर्ज चढतं.

ती नशा कशासाठी करते, हेही विचारा. रात्रभर जागं राहायला, दुखणं सहन करायला, गिऱ्हाइकासोबत प्यावंच लागतं म्हणून, की जुन्या अत्याचाराच्या आठवणी दाबायला? गिऱ्हाइकासोबत पिणं हा कामाचाच भाग असेल, तर ‘दारू सोड’ म्हणण्यापूर्वी ती पोट कशावर भरणार, याची सोय बघावी लागते. नशा पुरवणारा तिचा मालक किंवा जोडीदारच असेल, तर केंद्राचं नाव त्याला कळता कामा नये.

मग संमती. उपचार म्हणजे काय, किती दिवस, न्यायालयाला काय कळवलं जाईल आणि काय नाही, हे तिच्या भाषेत सांगा. ती नेपाळी, बंगाली किंवा कन्नड बोलणारी असेल तर दुभाषा आणा. सोबतच्या आरोपीला दुभाषा करू नका. तिने ‘नाही’ म्हटलं तर त्या नकाराचा अर्थ समजून घ्या. बहुतेक वेळा त्यामागे मुलाची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असते, आणि या दोन्हींवर काही करता येतं.

न्यायालयाकडे काय मागायचं

अपराधी परिविक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 नुसार न्यायालय लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकतं, तीन वर्षांपर्यंत. देखरेखीचा आदेश असेल तर तो किमान एक वर्षाचा असतो, आणि त्यात राहण्याबद्दल व नशेपासून दूर राहण्याबद्दल अटी घालता येतात. उपचारांना वाट इथूनच मिळते. एक अडचण मात्र वकिलाने आधीच ओळखावी. याच अधिनियमाच्या कलम 18 मध्ये पिटाचा जुन्या नावाने उल्लेख आहे आणि त्या कायद्याच्या तरतुदींना बाधा येणार नाही असं म्हटलं आहे. सरकारी पक्ष त्यावर बोट ठेवू शकतो. पिटाच्या कलम 7(1) आणि स्त्रीच्या बाबतीत कलम 8 मध्ये किमान शिक्षा ठरवलेली नाही, त्यामुळे परिविक्षेने पिटाच्या तरतुदींना बाधा येत नाही, असा युक्तिवाद तयार ठेवा.

अटीचे शब्द फार जपून मागा. ‘ती कोणतीही नशा करणार नाही’ ही अट धोकादायक आहे. व्यसनात पुन्हा घसरणं हा आजाराचाच भाग आहे. या अटीमुळे आजाराचं लक्षण दिसलं की तुरुंग, असं होतं. त्याऐवजी अर्जात असं लिहिता येईल:

‘अर्जदार स्वतःच्या संमतीने नोंदणीकृत केंद्रात व्यसनाचे उपचार घेण्यास तयार आहे. उपचारांचे स्वरूप व कालावधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावा. केंद्राने न्यायालयास केवळ उपस्थितीबाबत कळवावे. पुन्हा नशा झाल्यास तो अटीचा भंग न मानता उपचारांचा फेरविचार करावा.’

‘डॉक्टरांनी ठरवावा’ हे शब्द सोडू नका. ते नसले की आदेशात ‘सहा महिने भरती’ असा आकडा येतो आणि केंद्रालाही तो बदलता येत नाही. परिविक्षा शक्य नसेल आणि शिक्षा भोगायचीच असेल, तर तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे उपचारांची मागणी करा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांशी निगडित अवस्था येतात, आणि त्याचं कलम 103 मानसिक आजार असलेल्या कैद्यांबद्दलच आहे.

तिच्यावर अमली पदार्थ बाळगल्याचाही गुन्हा असेल तर तो वेगळा मुद्दा म्हणून मांडा. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 39 मध्ये सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी शासकीय किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारासाठी सोडण्याची तरतूद आहे. कलम 64-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला अशा खटल्यापासून संरक्षण देतं.

केंद्र निवडताना

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वरून जवळच्या केंद्रांची माहिती मिळते. टेली-मानस 14416 वर मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो. पण यादीत नाव आहे म्हणून बाईला घेऊन निघू नका. आधी फोन करा आणि विचारा:

- बायकांसाठी वेगळा विभाग आहे का, रात्रपाळीला महिला कर्मचारी असते का?
- फिट किंवा भ्रम झाल्यास डॉक्टर किती वेळात येतो?
- लहान मूल सोबत ठेवता येतं का?
- एचआयव्ही किंवा क्षयाची औषधं चालू असलेली बाई घेता का?
- केंद्राची नोंदणी आहे का?

पहिल्याच प्रश्नाला बरीच केंद्रं गळतात, कारण भरतीची बहुतेक सोय पुरुषांसाठी आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी बायकांचा स्वतंत्र विभाग आहे. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग हा जास्त भरवशाचा पर्याय. ट्रान्सजेंडर व्यक्तीसाठी ती कोणत्या कक्षात राहील, हे तिला विचारून केंद्राशी आधीच ठरवा. पिटाचं कलम 10-अ फक्त स्त्री अपराध्यांबद्दल आहे, त्यामुळे तिच्या वकिलाला वेगळी मांडणी करावी लागेल.

मारहाण करणारी, साखळीने बांधणारी, केस कापणारी ‘केंद्रं’ अजूनही चालतात. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा साखळदंड आणि सक्तीने मुंडण या दोन्हींना मनाई करतो. केंद्राने भेट घेऊ दिली नाही किंवा ‘महिनाभर फोन नाही’ म्हटलं, तर तिला तिथे ठेवू नका.

नातेवाईक सही करायला नाही म्हणून भरती नाकारली जाते. प्रौढ आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकणारी बाई याच कायद्याच्या कलम 86 खाली स्वतःच्या सहीने भरती होऊ शकते, हे केंद्राला दाखवा. तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये, असं कलम 21 सांगतं. त्याची प्रत सोबत ठेवा. आधार कार्ड नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निर्देशांनुसार राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता, ते मिळू शकतं. वस्तीत काम करणाऱ्या एड्स नियंत्रण प्रकल्पातल्या ताईंना ही वाट ठाऊक असते.

पत्र आणि प्रवास

केंद्राला द्यायच्या पत्रात तिचं नाव, घेतलेली नशा, शेवटची वेळ, फिटचा इतिहास, चालू औषधं, गरोदरपण आणि संपर्काचा माणूस एवढं लिहा. ती कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरली, हे तिथे लिहिण्याची गरज नाही. तो शब्द फाइलवर चढला की वॉर्डातल्या प्रत्येकाची नजर बदलते. एचआयव्हीची माहिती तिच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका; 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात हे बंधन आहे.

क्षयाची औषधं चालू असतील तर पत्रात ठळक लिहा. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम कमी होतो आणि बाईला पुन्हा टर्की चढते. डॉक्टरांना हे माहीत नसेल, तर ती लपून नशा करते असा संशय घेतला जातो.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी कुणीतरी उभं असलंच पाहिजे. सुटका संध्याकाळी झाली आणि केंद्र सकाळी उघडणार असेल, तर रात्रीच्या निवाऱ्याची सोय आधी करा. गर्दचं व्यसन असलेल्या व्यक्तीसाठी सुटकेनंतरचे दोन आठवडे जिवावरचे असतात. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्या मापाची एक पुडी श्वास थांबवू शकते. हे तिला आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणींना समजावून सांगा. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नाही, तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. अशा वेळी गर्दचा असर उतरवणारं नॅलोक्झोनचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे आधीच विचारून ठेवा.

भरती झाल्यानंतर

पहिल्या आठवड्यात निदान एकदा भेटा. केंद्रातल्या गटचर्चेत तिला स्वतःच्या कामाबद्दल सगळ्यांसमोर बोलायला भाग पाडत नाहीत ना, हे समुपदेशकाला विचारा. आठवड्यातून एकदा फोन, महिन्यातून एकदा फॉलो-अप, आणि दर वेळी तीच व्यक्ती. माणूस बदलला की तिला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते आणि ती यायची थांबते.

दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम देणार असतील तर ते तिला सांगूनच दिलं पाहिजे. न सांगता जेवणात मिसळलेली ही गोळी दारूसोबत जीव घेऊ शकते. घरच्यांना किंवा घरवालीला ती परस्पर देऊ देऊ नका.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा झाली, तर

आधी केंद्राला कळवा आणि मग परिविक्षा अधिकाऱ्याशी बोला, दोन्ही तिला सांगून. औषधाचा डोस, राहण्याची जागा, पुन्हा भेटलेला जुना माणूस यातलं काय बदलायला हवं, ते शोधा. परिविक्षा अधिकारी परिविक्षा अधिनियमाच्या कलम 8 खाली अटी बदलून मागू शकतो. तारखेला गैरहजर राहून अटक वॉरंट निघण्यापेक्षा स्वतः अर्ज करणं केव्हाही बरं. बंधपत्राचा भंग पहिल्यांदाच झाला असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम 9 मध्ये पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याची सोय आहे. वकिलाने ती न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावी. अनेकदा थेट मूळ शिक्षेचीच भाषा होते.

तिला पुन्हा धंद्यावर पाहिलं म्हणून उपचार ‘फसले’ असं लिहू नका. पोट भरायची दुसरी सोय झालेली नसते, तरीही तिने नशा कमी केलेली असू शकते, औषध रोज घेतलेलं असू शकतं, मूल शाळेत जात असू शकतं. अहवालात हेच लिहा, कारण न्यायालयासमोर तिच्या बाजूचा लेखी पुरावा एवढाच असतो.

बंधपत्राची मुदत संपली की न्यायालयाकडून तशी नोंद घ्या आणि त्याची प्रत तिच्या हातात द्या. परिविक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असं परिविक्षा अधिनियमाचं कलम 12 सांगतं. नोकरीच्या ठिकाणी किंवा मुलाच्या ताब्याच्या वादात तिला हा कागद लागेल. दुसरी प्रत वकिलाच्या फाइलमध्ये ठेवा, आणि केंद्राचं औषध चालू असेल तर ते मुदतीबरोबर बंद होत नाही, हे तिला त्याच दिवशी सांगा.